कोरी निघू दे

हामाता गावाच्या बेसबॉल संघाचं नाव बगळे, आणि हे बगळे सलग तीन वर्षं शेवटचे आले होते. बारा संघांत बारावे. गावातली माणसं म्हणायची, बगळेच ते, उभे राहतात छान, पकडत काही नाहीत. मालक होती माशांचे डबे भरणारी कंपनी, आणि कंपनीनं साफ सांगून टाकलेलं की आणखी एक वर्ष खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर संघ विकायचा. घेणारा दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात तयारच बसला होता.

असानुमा या संघासाठी पोरं हेरायचा. सव्वीस वर्षं तेच केलं. शाळाशाळांच्या मैदानावर जायचं, जाळीच्या मागं उभं राहायचं, कोण कसा चेंडू टाकतो ते वहीत लिहायचं. वय एकसष्ट, गुडघे गेलेले, कानाची पाळी थंडीनं कायमची लाल झालेली. आणि गेली तीन वर्षं तो एकाच पोरासाठी जाळीमागं उभा होता. सेकिनुमा नावाच्या डोंगरातल्या गावचा मिनोवा. सहा फूट दोन इंच उंची, अंगाचं हाड न् हाड दिसणारं, पण चेंडू असा टाकायचा की कॅचरच्या हातमोज्यातून बंदुकीचा आवाज यायचा.

आता नियम असा की शाळेतल्या पोराशी बोलायचं नाही. घरी जायचं नाही. जे काही विचारायचं ते पोराच्या कोचला, तेही अदबीनं, दुरून. म्हणजे तीन वर्षांत असानुमा आणि मिनोवा एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. असानुमा जाळीमागं उभा राहायचा, पोरगा टोपी काढून वाकायचा, असानुमा वाकायचा, संपलं. पण असानुमाला वाटायचं की पोरगा आपल्याला बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वाकतो. दोन बोटं जास्त असेल. या दोन बोटांच्या जोरावर त्यानं सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये अख्ख्या संघासमोर सांगून टाकलं, "पोरगा आपल्याकडं येईल. माझा शब्द."

शब्द का लागतो, तेही सांगतो. निवडीचा दिवस असतो ना, त्या दिवशी बाराही संघ आपापल्या पहिल्या पसंतीचं नाव देतात. एकाच पोराचं नाव चौघांनी दिलं तर पेटीत चार चिठ्ठ्या. तिघांची कोरी, एकावर शिक्का. ज्याला शिक्का, त्याचा पोरगा. पेटीला श्रीमंत-गरीब कळत नाही, म्हणून तर ती ठेवलीय. नाहीतर सगळी चांगली पोरं राजधानीचा संघच उचलून न्यायचा. पण पोराला नाही म्हणायची मोकळीक असते. मला या गावात नाही जायचं, मी कॉलेजात जातो, असं म्हणून तो चार वर्षं मोकळा होतो. मग चिठ्ठी जिंकलेल्या संघाची पहिली निवड पाण्यात. वर सगळ्या देशासमोर तोंडात मारल्यासारखं.

बगळ्यांना हे आता परवडणारं नव्हतं. पोरगा आला तर लोक बघायला येणार, लोक आले तर संघ गावात राहणार. पोरगा नाही म्हणाला तर खेळ खलास.

आणि निवडीच्या दोन दिवस आधी असानुमाच्या दारात तांदूळ आला.

तीस किलो. नवा तांदूळ, कागदी पोतं, वर सेकिनुमाच्या ओगुरा कोचचं नाव. असानुमाची बायको फुसाए दारातच पोत्याकडं बघत उभी राहिली.

"अहो, हे काय?"

"ओगुरा सरांकडनं आलंय. ऑपरेशन झालं होतं ना त्यांचं, पित्ताशयाचं. मी बघायला गेलो तेव्हा सुकी मासळी नेली होती, माकळं."

"किती माकळं?"

"चार."

आजारी माणसाला काही नेलं की बरा झाल्यावर तो परतभेट पाठवतो, ती निम्म्या मोलाची. पोरंटोरंही जाणतात हे. बरोबरीची पाठवली तरी घेणारा चपापतो. आणि चार माकळांना तीस किलो तांदूळ म्हणजे सरळ सरळ सांगणं झालं, तुमचं काही आमच्याकडं राहिलं नाही, आता आमच्या वाटेला येऊ नका.

"निरोपाचा दिसतोय हो," फुसाए हळूच म्हणाली.

"दिसतोय."

"फोन करून विचारा तरी."

"काय विचारू? एवढं का पाठवलंत म्हणून? असं कुणी विचारतं का?"

"नाही विचारत," ती म्हणाली, आणि पोतं ओढत आत नेलं. त्या रात्री तिनं जुनाच तांदूळ शिजवला. नव्याला हात लावायची दोघांचीही छाती झाली नाही.

संघाला सांगावं, असं असानुमाच्या दहा वेळा मनात आलं. पण काय सांगणार? महिनाभरापूर्वी छाती ठोकून शब्द दिला, आता तांदूळ आला म्हणून मागं घेतो? आणि तोवर दुसरंच झेंगट गळ्यात आलं. दुसऱ्या दिवशी संघाचा मॅनेजर कुरोसे फोनवर. कुरोसे म्हणजे बुटका, रुंद, सदा सर्दी झाल्यासारखा बोलणारा माणूस. दरवर्षी चिठ्ठी तोच काढायचा.

"असानुमा, उद्या चिठ्ठी तू काढ."

"मी? साहेब, मी कशाला?"

"माझा हात सात वर्षं कोरी काढतोय. हात नाही तो, झाडू आहे. अध्यक्ष म्हणाले, जो माणूस तीन वर्षं त्या पोरासाठी थंडीत उभा राहिला, त्यालाच पाठवा."

"माझा गुडघा..."

"गुडघ्यानं नाही काढायची. आणि ऐक, उद्या दुपारी डुकराच्या मांसाचा कटलेट खा, जिंकायचा शकुन असतो तो. डाव्या हातानं काढ. आतले कपडे नवे घाल."

"साहेब, हे सगळं तुम्ही सात वर्षं केलंत ना?"

"म्हणून तर म्हणतो, तू करून बघ."

निवडीचा कार्यक्रम राजधानीतल्या एका मोठ्या हॉटेलात. हॉलमध्ये बारा टेबलं, समोर मंच, मंचावर पेटी, आणि मागं भिंतीएवढा पडदा. असानुमा दाराबाहेरच्या बाकावर हातात थंड चहा घेऊन बसला होता, तेवढ्यात शेजारी हातानो येऊन बसला.

हातानो राजधानीच्या संघासाठी पोरं हेरायचा. दोघं वीस वर्षं एकाच जाळीमागं उभे राहिलेले. पावसात एका छत्रीत, उन्हात एका झाडाखाली, आणि वहीत काय लिहिलं ते मात्र एकमेकांपासून हातानं झाकून. हातानोचा कोट भारी, बूट भारी. आज तोंड मात्र उतरलेलं.

"काय रे, तू काढणार म्हणे चिठ्ठी," हातानो म्हणाला.

"त्यांना दुसरा मिळाला नाही."

"घे बाबा तूच. खरं सांगू? तुमच्याकडं गेला तर आमचंही वाईट होणार नाही."

"का, ताप आलाय का तुला?"

"ताप कशाला येतोय. गेल्या वर्षी तुम्हाला आम्ही अठरा वेळा हरवलं. शेवटी शेवटी आमचे प्रेक्षक अर्ध्यातच, पाचव्या डावाला उठून घरी जायला लागले. निकाल ठाऊक असला की सामना कोण बघतो? आमचा हिशेबवालासुद्धा म्हणतो, समोर कुणीतरी दात असलेला पाहिजे. नाहीतर हा धंदा दहा वर्षांत बसेल."

"मग काढू नका चिठ्ठी. सरळ देऊन टाका पोरगं."

"तेवढा मी दयाळू नाही," हातानो म्हणाला, पण हसला नाही. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. असानुमालाही काहीतरी बोलायचं होतं. त्यानंही चहाच प्यायला. तेवढ्यात घंटा झाली.

मिनोवाचं नाव चौघांनी दिलं. बगळे, राजधानी, आणि दक्षिणेकडचे दोन. हॉलमध्ये कुजबुज उठली. ज्याचा नंबर सगळ्यात खाली, त्यानं आधी काढायची, म्हणजे असानुमा पहिला.

तो मंचावर चढला. गुडघा कुरकुरला. त्याच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती कुणाला कळली असती तर कुरोसेनं तिथंच गचांडी धरली असती. कोरी निघू दे, तो मनात म्हणत होता. देवा, कोरी निघू दे. कोरी निघाली तर चिठ्ठीचं नशीब, कुणाचा दोष नाही. संघ दुसरं नाव देईल, दुसरं पोरगं आनंदानं येईल. शिक्का निघाला तर उद्या पोरगा नाही म्हणणार, आणि सगळे विचारणार, शब्द कुणी दिला होता?

पेटीत हात घातला. पहिलीच चिठ्ठी बोटांना चिकटली. चिकटली म्हणजे हीच ती, असं त्याला वाटलं. झटक्यात सोडून दिली. कोपऱ्यात एक पडली होती, अंग चोरून बसल्यासारखी. ही गरीब दिसते, हिच्यावर काय असणार, असं म्हणून त्यानं ती उचलली.

बाकीच्या तिघांनीही काढल्या आणि चौघं ओळीत उभे राहिले. निवेदिका म्हणाली, उघडा.

असानुमानं उघडली. आत लाल शिक्का.

पहिल्यांदा त्यानं चिठ्ठी उलटी करून बघितली, मागं काही वेगळं लिहिलंय का म्हणून. मग खालून कुरोसेची आरोळी आली. बगळ्यांच्या टेबलावरचे पाचही जण उठून उभे राहिलेले, अध्यक्ष चष्मा पुसत होते, कुरोसे आपलाच हात हवेत नाचवत होता, जणू त्यानंच काढली. असानुमानं चिठ्ठी वर धरली. डोळे मिटून घेतले. टीव्हीवाल्यांनी नंतर सांगितलं की म्हातारा आनंदानं गहिवरला.

तेवढ्यात मोठ्या पडद्यावर सेकिनुमाची शाळा दिसली. टेबलामागं मिनोवा बसलेला, शाळेचा काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं. शेजारी ओगुरा कोच. मनासारखा संघ निघाला की पोरं हसतात, काही रडतात. मिनोवानं दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. खाली बघितलं. ओगुरानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. पोरानं मान हलवली आणि माइकमध्ये म्हणाला, "नाव घेतल्याबद्दल आभार. घरच्यांशी बोलून ठरवेन."

हॉलमधल्या टाळ्या जरा कमी झाल्या. कुरोसे असानुमाच्या कानाशी लागला. "हे काय? हसला का नाही तो?"

"लाजाळू आहे," असानुमा म्हणाला. आपलाच आवाज त्याला विहिरीतनं आल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन शाळेत जायचं, पोराला आणि कोचला भेटायचं, अशी रीत. सकाळच्या गाडीत कुरोसे आणि असानुमा समोरासमोर बसले. बाहेर कापलेली भातशेतं. कुरोसे खिडकीकडं तोंड करून पुढच्या वर्षीचे बेत आखत होता. पोराला सुरुवातीला आठवड्याला एकदा टाकायला लावू, पहिला सामना घरच्या मैदानावर ठेवू, तिकिटं महिनाभर आधी काढू. असानुमानं अर्धा तास ऐकलं. मग त्याला सहन होईना.

"साहेब, तांदूळ आला होता."

"कसला तांदूळ?"

असानुमानं सगळं सांगितलं. माकळं, पित्ताशय, तीस किलो. कुरोसेच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. त्यालाही फोड करून सांगायची गरज नव्हती.

"तीस," कुरोसे म्हणाला.

"तीस."

"आणि हे तू आज सांगतोयस. चिठ्ठी काढल्यावर."

"मी कोरीच मागत होतो हो मनातनं."

कुरोसे त्याच्याकडं बघतच राहिला. "सात वर्षं मी जीव तोडून शिक्का मागितला, मला कोरी मिळाली. तू कोरी मागितलीस, तुला शिक्का. तुझ्यासारख्या माणसाला पेटीजवळ फिरकू द्यायला नको." शेवटी नाक शिंकरून म्हणाला, "अध्यक्षांना फोन तू करायचास. मी करणार नाही."

तेवढ्यात असानुमाचा फोन वाजला. हातानो.

"अभिनंदन, म्हाताऱ्या. काल बोलायचं राहिलं. पोहोचलास का शाळेत?"

"गाडीत आहे."

"जा, जा. तुमच्याकडं यायचं त्याचं आधीच ठरलेलं दिसतंय. मला तर परवाच कळलं होतं."

असानुमाचा कान फोनला चिकटला. "काय कळलं होतं?"

"आता काय लपवायचं. ओगुरा सरांनी मला तीस किलो तांदूळ धाडला. मी दवाखान्यात नुसती पपनसं नेली होती. तांदूळ बघून बायको म्हणाली, संपलं तुमचं. मी ऑफिसात बोललो नाही कुणाला. काल मंचाखाली बसून देवाला म्हणत होतो, आमच्या साहेबाची कोरी निघू दे."

असानुमाला पहिल्यांदा हसूच आलं नाही. त्यानं फोन हातानं झाकला आणि कुरोसेला म्हणाला, "त्यालाही आलाय." मग फोनमध्ये म्हणाला, "हातानो, मलाही आला होता. तीस."

मग हातानो असा हसायला लागला की डब्यातल्या दोन बायकांनी वळून बघितलं. "वीस वर्षं एका छत्रीत उभे राहिलो आपण," तो म्हणाला, "आणि एका पोत्याचं एकमेकांना सांगता आलं नाही."

"तू काल तोंड उघडलंस आणि मिटलंस."

"तू काय केलंस? गार चहा पीत बसलास."

फोन ठेवल्यावर कुरोसे म्हणाला, "म्हणजे तांदळात काही नव्हतं."

"तांदळात नव्हतं. पण पोरगा हसला नाही, ते आहेच की."

"ते आहेच," कुरोसे म्हणाला. दोघांनीही गळ्याचे टाय नीट केले.

शाळेच्या दारात ओगुरा कोच स्वतः उभा होता. ऑपरेशननं गालफडं बसलेली. वाकणं झालं, परत वाकणं झालं. मुख्याध्यापकांच्या खोलीत मिनोवा ताठ बसलेला, शेजारी त्याचे वडील. वडील लाकडाच्या वखारीत काम करायचे, हात टेबलाखाली लपवून बसले होते. असानुमानं चिठ्ठी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. लाल शिक्का वरच्या बाजूला.

ओगुरा आधी बोलला. "असानुमा साहेब, एक माफी मागायचीय. तांदळाची."

"छे छे, उत्तम तांदूळ..."

"दवाखान्यात नऊ संघांची माणसं आली. कुणी काय आणलं, कुणी काय. मी ठरवलं, निवडीच्या आधी कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही. भाऊ शेती करतो. नऊ जणांना नऊ पोती, सारखी. एकाला कमी एकाला जास्त नको. पोरापर्यंत कुणाचं वजन पोचायला नको. नंतर बायको म्हणाली, अहो, लोक काय समजतील? मी म्हटलं, नऊ जणं आहेत, एकमेकांशी बोलतील की."

कुरोसेला खोकला आला. असानुमा जमिनीकडं बघत म्हणाला, "हो, बोललो आम्ही."

असानुमानं शेवटी धीर केला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो त्या पोराशी बोलत होता, आणि काय बोलायचं ते ठरवलेलं सगळं विसरला.

"काल तू हसला नाहीस," तो म्हणाला.

मिनोवा लाल झाला. त्यानं कोचकडं बघितलं. कोचनं मान डोलावली.

"सर म्हणाले, तोंड सरळ ठेव. बाकीचे तीन संघ बघतायत. त्यांनीही नाव घेतलंय. त्यांच्यासमोर हसलास तर त्यांना वाईट दिसेल."

"म्हणजे हसू येत होतं?"

"येत होतं," पोरगा म्हणाला. मग घाईघाईत, शब्दांवर शब्द पडत, "मला एक विचारायचंय. राजधानीच्या संघात माझ्या आधी चेंडू टाकणारे सहा जणं आहेत. वडील म्हणाले, तिथं तू चार वर्षं बाकावर बसशील. तुमच्याकडं... म्हणजे, तुम्ही शेवटचे आलात ना..."

"अरे," वडील दबक्या आवाजात म्हणाले.

"बोलू द्या, बोलू द्या," कुरोसे म्हणाला. "शेवटचेच आलोय."

"तुमच्याकडं मला पहिल्याच वर्षी टाकायला मिळेल का?"

कुरोसेनं असानुमाकडं बघितलं. "पहिल्या वर्षी? अरे बाबा, तुला पहिल्या आठवड्यात टाकावं लागेल. आमच्याकडं टाकायला आहेच कोण?"

पोरगा हसला. आता तिथं दुसरा कुठला संघ नव्हता, त्यामुळं मनमोकळा हसला, पुढचे दोन दात जरा एकावर एक चढलेले. मग उभा राहिला आणि वाकला. "मग मी येतो. हरणाऱ्या संघातनं राजधानीच्या लोकांना बाद करायचं, हे मला लहानपणापासून करायचंय."

वडिलांनी टेबलाखालचे हात वर काढले आणि तेही उठून वाकले. ओगुरानं खिशातनं रुमाल काढला. असानुमाला उठायचं होतं, पण गुडघा ऐकेना, म्हणून तो बसल्या बसल्याच टेबलाला कपाळ लागेपर्यंत वाकला आणि तसाच राहिला, कुरोसेनं खांद्याला धरून सरळ करेपर्यंत.

परतीच्या गाडीला सव्वा तास होता. स्टेशनासमोर सोबाच्या शेवयांचं एक दुकान होतं, चार स्टुलांचं. कुरोसेनं बाहेर उभं राहून अध्यक्षांना फोन केला. स्वतःच केला. आतून त्याचं शिंकरणं आणि बोलणं दोन्ही ऐकू येत होतं. असानुमानं एक वाडगा संपवला, मग दुसरा मागवला. दोन दिवस त्याच्या पोटात धड काही गेलं नव्हतं, ते त्याला आत्ता कळलं.

कुरोसे आत येऊन शेजारी बसला. "अध्यक्ष म्हणाले, वसंतात पहिल्या सामन्याला मैदान भरलं तर कंपनी तीन वर्षं तरी विकायचं नाव काढणार नाही. लेखी देतायत."

"भरेल."

"भरेल असा शब्द देतोस का?"

असानुमानं तोंडातल्या शेवया गिळल्या. "नाही साहेब. शब्दबिब्द काही देत नाही आता."

"शहाणा झालास," कुरोसे म्हणाला, आणि दुकानदाराकडं बघून बोट वर केलं. "मलाही एक. वर कांदा जास्त."